आधी पाणी विचारणारा माळी

सोलापुरात बागेच्या कामासाठी कुणी बोलावलं की मी फाटकातून सरळ घराच्या मागे जाते आणि आधी पाणी बघते. जमिनीतला हौद किती लिटरचा, वरची टाकी केवढी, बोअर आहे का, असेल तर एप्रिलमध्ये किती वेळ चालतो, नळाला पाणी किती दिवसांआड येतं. एवढं विचारून झालं की मग पुढच्या मोकळ्या जागेकडे येते. तोवर घरातल्या कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून ठेवलेला असतो. हिरवंगार लॉन, मधून दगडी पायवाट, कंपाउंडला लागून उंच पाम. असा फोटो बहुतेक वेळा बंगळुरूचा किंवा कोचीचा असतो, नाहीतर लग्नाच्या एखाद्या लॉन्सवरचा. त्या हिरव्या रंगाच्या ओढीबद्दल मला आदरच आहे. ज्या गावात मार्च ते जून ऊन अंगावर येतं, पारा ४३ अंशांच्या पुढे जातो, तिथे दारात गवत हवंसं वाटणं अगदी साहजिक आहे. पण ते कुणाकडून लावून घ्यायचं आणि पुढे कुणाच्या हाती सोपवायचं, हे ठरवताना लोक फार घाई करतात. फरशी बसवणाऱ्याची चौकशी चार ठिकाणी होते. माळ्याला मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती घेणार?’

मी उद्यानविद्या शिकले, काही वर्षं नर्सरीत नोकरी केली आणि मग जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता या भागांत घरगुती बागांची कामं घ्यायला लागले. हिशेब, आखणी, रोपांची खरेदी माझ्याकडे. मातीतलं काम अण्णा आणि त्यांच्या माणसांकडे. अण्णा अक्कलकोट तालुक्यातले, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि साखर पेठेकडच्या गिऱ्हाइकाशी कामापुरतं तेलुगूही बोलतात. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. तिथे ज्वारी आणि तूर. त्या जमिनीवर घर भागत नाही म्हणून ते शहरात आले. सोलापुरातले बरेचसे माळी असेच आलेले आहेत. जातीनं माळी असोत वा नसोत, हाताला शेतीची सवय, आणि तीही पावसाच्या भरवशावरच्या शेतीची. माझ्या मते हीच त्यांची सगळ्यांत मोठी पात्रता आहे आणि घरमालक नेमकी तीच बघत नाहीत.

पाण्याचा हिशेब मी प्रत्येक घरी कागदावर मांडून दाखवते, कारण तो दाखवल्याशिवाय पटत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज निदान पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी दिवसाला साडेचारशे लिटरच्या वर गेलं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे लॉन एकटंच घरातल्या साडेतीन माणसांचं पाणी पिणार. नळ चार दिवसांआड येत असेल तर दोन पाण्यांच्या मधे या गवतालाच जवळजवळ १,९०० लिटर हवेत. हजार लिटरच्या दोन टाक्या नुसत्या गवताला. आपल्याकडचा वर्षाचा पाऊसच मुळात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो, आणि तोही दर वर्षी सारखा नाही.

आणि हे पाणी येतं कुठून? उजनीतून. काही थेट जलवाहिनीनं, काही भीमेत सोडून औज बंधाऱ्यात अडवून टाकळीहून उचललेलं, थोडं हिप्परग्याच्या तलावातून. ११७ टीएमसीचं धरण, पण त्यातलं निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडतं. म्हणून सोलापूरकर दर उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी वाचतो. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरला होता. त्या वर्षी अण्णांनी ज्या घरी जाऊ तिथे गवताचं पाणी तोडायला सांगितलं आणि उरलेलं पाणी झाडांच्या बुंध्याला द्यायला लावलं. एका काकूंना ते फार लागलं. गवत पिवळं पडताना बघवत नव्हतं त्यांना. अण्णा म्हणाले, “काकू, हरळी मरत नसते बघा. वरनं वाळती, खाली जीव धरून ऱ्हाती. पाऊस पडू द्या, आठ दिसात उठती की नाही बघा.” आणि जूनमध्ये ती उठली.

हे अण्णांना कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. हरळी हे कोरडवाहू शेतकऱ्याचं जुनं दुखणं. त्यांचे वडील उन्हाळ्यात कुदळीनं हरळी खणून काढत. हातभर खोल गेलेल्या काशा वेचून बांधावर टाकत, आणि एखादं पेर जरी मातीत राहिलं तरी पुढच्या पावसात ते पुन्हा फुटे. जे गवत एवढं खणूनही हटत नाही, ते सोलापूरचा उन्हाळा काढणार हे त्यांना माहीत आहे. म्हणून एखाद्या घरी मऊ, गादीसारखं दिसणारं मेक्सिकन गवत लावायचा हट्ट असला की अण्णा मला बाजूला घेऊन सांगतात, सावली किती, पाणी किती ते बघा आणि मग हो म्हणा. भरपूर पाणी असेल, देखभाल करणारा रोज येणार असेल, तर लावावं. नाहीतर साधी देशी हरळी किंवा तिच्यातलंच निवडलेलं बारीक पानाचं गवत बरं. ते जरा रखरखीत दिसतं, पण दहा वर्षं टिकतं.

जुळे सोलापुरातल्या एका घरी आम्हाला बोलावलं तेव्हा तिथलं लॉन मेलेलं होतं. घर नवं, राहणारे काका-काकू निवृत्त. बाहेरगावच्या एका ठेकेदारानं मार्चमध्ये येऊन दोन दिवसांत गुंडाळ्या उलगडून हिरवं अंगण करून दिलं होतं. पुणे-सोलापूर महामार्गावर उरुळी कांचनच्या पट्ट्यात मोठ्या नर्सऱ्या आहेत. तिथून गवताच्या अशा तयार गुंडाळ्या ट्रकनं येतात. मालात खोट नव्हती. पैसे देऊन झाले, ठेकेदार गेला, आणि मे संपायच्या आत गवत कडेकडेनं तांबूस होत मधल्या भागापर्यंत वाळलं. काकांचा समज असा की पाणी कमी पडलं. त्यांनी टँकर मागवून रोज दोन्ही वेळा पाणी मारलं होतं.

अण्णांनी पहार मागितली. एका कोपऱ्यात गवताची चकती उचलली आणि खाली हातभर खड्डा घेतला. वर दोन बोटं लाल माती, त्याखाली बांधकामाचा राडारोडा. विटांचे तुकडे, गिलाव्याचे खरपुडे, सिमेंटचं वाळलेलं पाणी, प्लास्टिकची पोती. त्याखाली मुरमाचा भराव, आणि काळी माती त्याच्याही खाली. गवताची मुळं दोन बोटांच्या लाल मातीतच आडवी पसरली होती. वरचं पाणी दुपारपर्यंत उडून जात होतं आणि खालचा सिमेंटचा थर तापून मुळं भाजत होता. अण्णांनी खड्ड्यातलं एक ढेकूळ उचलून काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “ह्याला किती बी पाणी पाजा, काय उपयोग नाही.” काका बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले. त्यांच्या घराखाली काय आहे हे त्यांना कुणी तोवर दाखवलंच नव्हतं.

पुढचं काम सरळ होतं, पण वेळ खाणारं. राडारोडा उपसला. काळी माती वर काढली, कुजलेलं शेणखत आणि वाळू मिसळली. मातीला तापू दिलं. मग पाणी मारून तण उगवू दिलं आणि मुळासकट काढलं, पुन्हा पाणी, पुन्हा तण. हे दोनदा तरी करावं लागतं, कारण लव्हाळा. बाहेरून आणलेल्या मातीतून नाहीतर खतातून त्याच्या गाठी येतात आणि एकदा लॉनमध्ये शिरला की निघता निघत नाही. लोकांना हे पंधरा-वीस दिवस फार नकोसे होतात. ‘माणसं येऊन नुसती माती उकरतायत’ असं फोनवर ऐकू येतं. पण बागेच्या कामात मला सगळ्यांत जास्त विश्वास याच दिवसांवर आहे. शेवटी त्या घरी गवत आम्ही निम्म्याहून कमी जागेत लावलं. बैठकीच्या खिडकीतून दिसेल तेवढंच. बाकी जागेत शहाबादी फरशी, फटीतून पाणी मुरेल अशी बिनसिमेंटची बसवलेली, आणि कडेनं बहावा, पारिजातक, डाळिंब, कडीपत्ता, मोगरा. काकूंना हवा असलेला हिरवा रंग त्यांना मिळाला, फक्त तो थोडा वर, फांद्यांवर चढला.

फरशीवरून आठवलं. सोलापूरच्या काळ्या मातीवर घर असेल तर घराच्या जोत्याला लागून लॉन कधीही करू नये. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. भिंतीलगत रोज पाणी आणि चार फुटांवर कोरडं ठक्क, असं झालं की जोतं एका बाजूनं उचललं जातं, कंपाउंडच्या भिंतीला तडे जातात. भिंतीपासून दोन-तीन फूट पट्टा मुरूम किंवा फरशीचा ठेवायचा आणि उतार घरापासून बाहेरच्या बाजूला काढायचा. घर बांधून झाल्यावर बागेचा विचार करणारे लोक हे कुणालाच विचारत नाहीत. गवंड्याचं काम संपलेलं असतं आणि माळ्याला आपण याबद्दल काही माहीत असेल असं समजतच नाही. अण्णा ओळंबा-सूत घेऊन उतार बघतात तेव्हा कित्येक घरमालकांना आश्चर्य वाटतं. त्यांच्या गावाकडे बांध घालताना, पाण्याला वाट देताना हेच केलं जातं. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या प्रयोगांचा गाभाही पडलेलं पाणी शेतात मुरवणं आणि मुरलेलं टिकवणं हाच. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर उभी राहते. ज्या जिल्ह्यानं पाण्यावाचून पीक काढायची विद्या इतकी वर्षं जोपासली, त्या जिल्ह्यातल्या बागांनी टँकरवर जगावं, हे मला मनापासून खटकतं.

कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतो. वरची माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही. अण्णा गुलाबाच्या आळ्यात खुरपं फिरवतात ते तण नसतानाही, आणि मालकांना वाटतं हे उगाच वेळ काढताहेत. झाडांच्या बुंध्याशी ते उसाचं पाचट पसरतात. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके की पाचटाला तोटा नाही. महिनाभरात ते दबतं, पावसाळ्यात कुजतं, मातीत जातं. काही घरी मात्र हे पाचट ‘कचरा दिसतो’ म्हणून झाडून काढलं जातं. नव्या पालवीची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या की अण्णा हिराकस मागतात. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर झाडाला लोह घेता येत नाही. मी हे महाविद्यालयात सामूचे आकडे मोजत शिकले. अण्णा मातीत बोट घालतात, पांढरे खडे बघतात आणि तेच सांगतात. दोघांचं एकमत झालं की मला बरं वाटतं. नाही झालं तर मी माती तपासायला पाठवते, आणि अण्णांना त्याचा कधी राग आलेला नाही.

आता ज्यांना घराच्या बागेसाठी माणूस ठेवायचा आहे त्यांना मी काय सांगते, ते लिहिते. नव्या बागा बघू नका. लावल्यावर महिन्याभरात कुठलीही बाग देखणी दिसते. त्या माणसानं लावलेली आणि दोन उन्हाळे काढलेली बाग दाखवायला सांगा, आणि शक्यतो मे महिन्यात जाऊन बघा. तो तुमच्या घरी आल्यावर काय विचारतो त्याकडे लक्ष ठेवा. पाणी विचारतो का, ऊन कुठून कुठे जातं ते बघतो का, खड्डा घेऊन माती बघायला मागतो का. आल्या आल्या चौरस फुटाचा दर सांगणारा माणूस वाईट असतो असं नाही, पण तो गवत विकायला आलेला असतो. ‘हे झाड इथं येणार नाही’ असं तोंडावर सांगणारा मिळाला तर त्याला सोडू नका.

काम उक्तं द्यायचं की हजेरीनं, हा दुसरा प्रश्न. खणणं, भरणं, फरशी, पाईप हे उक्तं दिलेलं बरं, कारण मोजता येतं. गवत आणि रोपं लावण्याचं कामही उक्तं द्यावं, पण पैशाचा एक हिस्सा मागे ठेवून, आणि तो पहिल्या तीन महिन्यांच्या देखभालीशी बांधून. देखभाल मात्र महिन्याच्या ठरावीक पैशावर असावी. हजेरीवर देखभाल ठेवली की माणूस आला तरच पैसे, आणि पावसात चार दिवस काम नसलं की त्याची चूल अडते. मग तो दुसरी घरं धरतो आणि ऐन छाटणीच्या वेळी तुमच्याकडे येत नाही. खत कुणी आणायचं, यंत्राचं पेट्रोल कुणाचं, मेलेलं रोप कोण बदलून देणार, कापलेलं गवत कुठे टाकायचं, हे चार ओळींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. माझे बरेच तंटे या चार ओळींनी वाचले आहेत. घरमालकांना कागद म्हणजे अविश्वास वाटतो. माळ्यांना मात्र तो आवडतो, कारण बोललेलं विसरल्याचा तोटा नेहमी त्यांनाच होतो.

कापणीबद्दलही भांडणं होतात. बारीक कापलेलं लॉन नीटनेटकं दिसतं म्हणून मालक ‘अजून खाली घ्या’ म्हणतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये आणि उन्हाळ्यात गवत उंचच राखावं, म्हणजे त्याच्या पानांची सावली त्याच्याच मुळांवर पडते. पाणी पहाटे, आणि रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात. लावणीची वेळ अण्णा नक्षत्रावर सांगतात. खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यायचे, मृग बरसला तर उत्तम, पण मधे आमच्याकडे पाऊस दडी मारतो. म्हणून मोठी झाडं ते उत्तरा-हस्ताच्या पावसावर लावायला सांगतात. पंचांगाशी माझं काही नातं नाही, पण सप्टेंबर हा इथला भरवशाचा महिना आहे हे पावसाच्या नोंदीही सांगतात.

झाड तोडायला सांगणारे भेटतात. कडुनिंबाची पानं पडतात, गाडीवर चिकट होतं, बोर्ड दिसत नाही. अण्णा कुऱ्हाडीला हात लावत नाहीत आणि मी त्यांच्या पाठीशी उभी राहते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगीशिवाय तोडलं तर रोजानं आलेला माणूसही त्यात अडकतो. माळी ‘नाही’ म्हणतो तेव्हा तो आळशी म्हणून नाही, हे मालकांनी समजून घ्यायला हवं. सोलापुरात घरावर सावली धरणारा एक जुना कडुनिंब दुपारी जेवढं सुख देतो, तेवढं कुठलंही लॉन देऊ शकत नाही. त्याच्याखाली गवत येत नसेल तर तिथे बाज टाकावी.

खुरपणीला येणाऱ्या बायकांबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. त्यांतल्या काही जणी उरलेल्या वेळात विड्या वळतात. लॉनमधला लव्हाळा आणि हरळी कोवळेपणी सारखेच दिसतात. या मावश्या बोटानं काडी फिरवून बघतात, लव्हाळ्याची काडी तिधारी लागते. खुरप्याचं टोक तिरकं घालून गाठीसकट तो काढतात आणि शेजारच्या हरळीचं पेर हलू देत नाहीत. असं नजर आणि हात लावून केलेलं काम यंत्रानं होत नाही, औषधानंही नीट होत नाही. तरीही शहरात सगळीकडे बायकांची हजेरी पुरुषांपेक्षा कमी धरतात. माझ्या कामांवर ती सारखी आहे. त्यामुळे माझा भाव थोडा जास्त येतो आणि काही घरं हातची जातात. ती जाऊ देते. चहाचे कप वेगळे ठेवणाऱ्या घरीही आम्ही दुसऱ्यांदा जात नाही. हे मी कामाच्या आधी बोलत नाही, काम संपल्यावर सांगते.

सगळ्या घरांत असंच चालतं असं अजिबात नाही. रेल्वे लाईन्स भागातल्या एका जुन्या बंगल्यात आजी अण्णांना विचारल्याशिवाय एक कुंडी हलवत नाहीत. त्यांनी पावसाळ्यात छतावरचं पाणी हौदात घ्यायची सोय अण्णांच्याच सांगण्यावरून केली. हजार चौरस फुटांच्या छतावर आपल्या साडेपाचशे मिलिमीटर पावसात वर्षाला पन्नास हजार लिटर पाणी पडतं. गळती, उडणं धरून चाळीस हजार तरी हाती लागतं. हौद भरला की जास्तीचं पाणी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात जातं. धुण्याचं पाणी केळी आणि अळूकडे वळवलं आहे. त्या बागेत लॉन आहे, अगदी छोटं, नातवंडांना लोळायला पुरेल एवढं, आणि ते मी बघितलेल्या लॉनमध्ये सगळ्यांत निरोगी आहे.

अण्णांच्या मुलाला हे काम करायचं आहे याचा त्यांना आनंद आहे आणि धास्तीही. कृषी विद्यापीठं माळी प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवतात. त्यानं त्यातला एखादा करावा असा माझा आग्रह आहे. कलमं करणं, रोगांची नावं, ठिबकची जोडणी, हिशेब लिहिणं हे तिथे नीट शिकायला मिळतं. वडिलांकडून मातीची आणि पावसाची जाण घेतली आणि वर हे प्रमाणपत्र असलं, तर दारात उभ्या उभ्या घासाघीस करणाऱ्याशी त्याला मान ताठ ठेवून बोलता येईल. अण्णांचं म्हणणं वेगळं. प्रमाणपत्र असलं तरी लोक चौरस फुटाचाच दर विचारणार, असं ते म्हणतात, आणि अजून तरी त्यांचं खरं ठरत आलं आहे.

म्हणून मी बिलात बदल केला. पूर्वी गवत, खत, रोपं, मजुरी एवढंच लिहीत असे. आता सगळ्यांत वर ‘जागेची पाहणी व सल्ला’ अशी वेगळी ओळ असते. काम आम्हाला द्या वा न द्या, ती रक्कम पाहणीच्या दिवशीच द्यायची, आणि ती पूर्ण अण्णांची. खड्डा घेऊन माती दाखवणं, पाण्याचा हिशेब, कुठलं झाड येईल आणि कुठलं येणार नाही, हे सगळं त्या पैशात येतं. बरेच जण विचारतात, माळी नुसता बघून गेला त्याचे कसले पैसे? मी त्यांना डॉक्टरांचं, वकिलांचं उदाहरण देत नाही. अण्णांनी घेतलेल्या खड्ड्याजवळ त्यांना घेऊन जाते आणि आत काय दिसतं ते अण्णांनाच सांगू देते. निम्मे लोक पैसे देतात. काही जण सल्ला घेऊन काम दुसऱ्याला देतात, त्याचंही मला वाईट वाटत नाही, कारण तिथेही गवत निदान योग्य मातीत लागतं. येत्या उन्हाळ्यापासून पाहणीला अण्णांचा मुलगा त्यांच्यासोबत येणार आहे, आणि त्या ओळीतली रक्कम मी वाढवणार आहे.